गाळ आमचाच, हिरवळ तलावाची

पावसाळ्यात आमच्या वावरातली माती वाहून तलावात जाते. तिच्यासोबत नत्र, स्फुरदही जाते. जमिनीत असते तेच पानात उतरते. म्हणून तलावकाठचे पाणकणीस हिरवेगार आणि वरूडच्या कोरडवाहू वावरात आमची पऱ्हाटी लाल!

तुडतुडे नसताना बोंडे भरतेवेळी पाने लाल झाली, तर तो बहुधा लाल्या. नत्र, मॅग्नेशियम कमी पडले की हरितद्रव्य घटते, लाल रंगद्रव्य वाढते. हा कीड-रोग नव्हे, उपासमार आहे. तिच्यावर विषारी औषध फवारणे म्हणजे उपाशी माणसाला जुलाब देणे.

२०१७ मध्ये सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली. गाळ ही मेहेरबानी नव्हे, आमचीच माती आहे. ती तपासून, लहान शेतकऱ्याच्या वावरापर्यंत पोचवून द्या. आम्ही भीक मागत नाही, आमचे परत मागतो.