भाव पडला की मजुरी थांबते, मग भाव चढला की?

डिसेंबर २०२१ मध्ये गुवाहाटीच्या लिलाव केंद्रात आसामच्या मनोहारी मळ्याचा एक किलो चहा ९९,९९९ रुपयांना विकला गेला. सहा महिन्यांनी जोरहाटच्या लिलावात पाभोजन मळ्याच्या चहाने एक लाखाचा आकडा गाठला. दोन्ही बातम्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरल्या. खाली तिरंगा, टाळ्या, 'देशाची शान' वगैरे. त्या डिसेंबरात ब्रह्मपुत्रा खोऱ्यातल्या मळ्यात पाने खुडणाऱ्या बाईची रोजची रोख मजुरी २०५ रुपये होती. त्या एका किलोची किंमत मिळवायला तिला ४८८ दिवस पाने खुडावी लागली असती. बातमीत ती कुठेच नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, हा एक किलो म्हणजे जाहिरात आहे. खरा बाजार सरासरीत असतो. २०२४ मध्ये देशातल्या लिलावांचा सरासरी भाव किलोमागे २०० रुपयांच्या आसपास होता. आपल्या गल्लीतल्या दुकानात बऱ्या ब्रँडचा किलोभर चहा ५०० च्या पुढे मिळतो, हेही लक्षात ठेवा. मजुरीचा विषय निघाला की मालकसंघटना हाच २०० चा आकडा पुढे करतात. 'भावच मिळत नाही, मजुरी कुठून वाढवू?' हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की पत्रकारच काय, कामगार संघटनांचे पुढारीसुद्धा ते निसर्गनियमासारखे बोलतात. पाऊस पडला नाही तर पीक येणार कसे, तसे भाव पडला तर मजुरी वाढणार कशी.

मी समाजशास्त्र शिकले, अर्थशास्त्र नाही. पण हा नियम खरा की खोटा, हे तपासायला पदवी लागत नाही. भाव चढला तेव्हा मजुरीचे काय झाले, एवढेच बघायचे.

२०२० चे वर्ष घ्या. टाळेबंदीत मळे बंद राहिले, पहिल्या हंगामाची पाने झाडावरच मोठी झाली, उत्पादन घटले आणि लिलावात भाव उसळले. आसाममधली मजुरी २०१८ पासून १६७ रुपये होती. २०२० संपले तेव्हाही ती १६७ च होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये, निवडणूक तोंडावर आल्यावर, राज्य सरकारने ५० रुपयांची वाढ काढली. मालक लगेच गुवाहाटी उच्च न्यायालयात गेले आणि स्थगिती मिळवली. शेवटी ५० चे ३८ झाले आणि मजुरी २०५ वर आली. २०१६ च्या निवडणुकीत आज सत्तेत असलेल्या पक्षाने ३५१ रुपयांचे आश्वासन दिले होते, ते तर कुणी आठवतही नाही.

आता २०२४ घ्या. हवामानाने झोडपले, त्यात टी बोर्डाने ३० नोव्हेंबरलाच उत्तरेतला हंगाम बंद करायला लावला. देशाचे उत्पादन १३९ कोटी किलोवरून १२८ कोटींवर आले आणि सरासरी भाव साधारण १८ टक्क्यांनी वाढला. मजुरी? ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरलेले २५० रुपये. बराक खोऱ्यात तर २२८. त्या वर्षी आसाममध्ये रोजगार हमीचा दर २४९ होता. म्हणजे शंभर देशांत नाव असलेल्या उद्योगातली बाई सरकारी खड्डे खणणाऱ्यापेक्षा एक रुपया जास्त मिळवत होती. (आपल्या महाराष्ट्रात तोच हमीचा दर २९७ होता.)

म्हणजे भाव पडला की मजुरी थांबते आणि भाव चढला की मजुरी विसरली जाते. याला नियम म्हणत नाहीत, याला सबब म्हणतात.

अजून एक पुरावा आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दक्षिणेत कोची, कुन्नूर, कोइम्बतूर इथे लिलाव होतात. तिथला सरासरी भाव वर्षानुवर्षे गुवाहाटीच्या खाली आहे. कुन्नूरला बराचसा माल छोट्या शेतकऱ्यांच्या पानांचा असतो, म्हणून ती तुलना कुणी मान्य करणार नाही. ठीक आहे, कुन्नूर सोडा, कोची घ्या. तिथेही भाव आसामपेक्षा कमीच. आणि मजुरी? केरळ, तामिळनाडूच्या मळ्यांत ती ४०० च्या पुढे आहे. चहा स्वस्त, मजुरी जास्त. आसामात चहा महाग, मजुरी कमी. भावाने मजुरी ठरत असती तर हे उलटे व्हायला हवे होते.

मग मजुरी कशाने ठरते? कोण खुडते आणि ती किती बोलू शकते, यावर.

आसामच्या मळ्यांत पिढ्यान्पिढ्या राबणारे मुंडा, उरांव, संथाळ, खरिया, गोंड लोक छोटा नागपूर आणि आसपासच्या भागातून इंग्रजांच्या काळात नेले गेले. करार मोडला तर तुरुंग, असा कायदा होता. पळून गेलेल्या कुलीला मालकाने स्वतः पकडावे, अशीही तरतूद काही काळ होती. ज्यांचे भाऊबंद झारखंडात अनुसूचित जमाती आहेत, तेच लोक आसामात ओबीसी आहेत. दीडशे वर्षांनंतरही त्यांची ओळख 'चहा जमात' अशीच. माणसाला पिकाचे नाव! उसतोड कामगाराला आपण 'ऊस जमात' म्हणालो असतो तर कसे वाटले असते? मळ्याच्या कचेरीत बाबू वेगळ्या समाजाचे, बंगल्यात मॅनेजर आणखी वेगळा, लेबर लाइनीत हे. जात म्हणजे श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांचे म्हणणे आपण भाषणात शंभरदा सांगतो. ते मळ्याच्या नकाशावर रेघा ओढून दाखवता येते.

दक्षिणेत मुन्नारला गेलात तर तिथे खुडणाऱ्या बहुतेक बाया तमिळ दलित आहेत. कंगाणी नावाचे मुकादम त्यांच्या पणज्यांना डोंगरावर घेऊन आले. जयसीलन राज हे याच लोकांतून आलेले मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचे 'प्लांटेशन क्रायसिस' हे २०२२ चे पुस्तक ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी जरूर वाचावे. चहाचे भाव कोसळल्यावर संकट 'उद्योगावर' आले असे म्हणतात, पण जातीचा डाग मात्र डोंगर उतरलेल्या कामगाराच्या पोरांना पुन्हा नव्याने चिकटतो, हे त्यात दिसते.

याच मुन्नारमध्ये सप्टेंबर २०१५ ला काय झाले ते आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. कण्णन देवन कंपनीने नफा घटल्याचे कारण देऊन बोनस १९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला. गंमत बघा, ही कंपनी २००५ मध्ये टाटा टी बाजूला झाल्यावर उभी राहिली आणि कागदावर कामगारच तिचे भागधारक आहेत. मालकच मजुरी मागायला रस्त्यावर! हजारो बाया उतरल्या, शहर ठप्प केले. सगळ्या रंगांच्या युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ फिरकू दिले नाही, कारण आपल्या नावाने करार करणारे हेच होते हे त्यांना ठाऊक होते. 'पोंबिळै ओरुमै', म्हणजे बायांची एकजूट. बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून २० टक्के मिळाले. मग मजुरीचा लढा झाला, मागणी ५०० ची होती, २३२ चे ३०१ झाले. त्या वर्षी लिलावात भाव काही उसळले नव्हते.

पण लगेच केरळचे गोडवे गाऊ नका. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळली आणि कामगारांच्या लयनांवर, म्हणजे एका रांगेतल्या खोल्यांवर आली. सत्तर माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी कोझिकोडला विमान घसरले. राज्य सरकारने विमानातल्या मृतांसाठी दहा लाख जाहीर केले आणि पेट्टिमुडीच्या मृतांसाठी पाच लाख. हा कुठल्या लिलावातला भाव?

आता कुणी म्हणेल, ताई, भावना ठीक आहेत, हिशेब मांडा. मांडूया. मळ्यात दिवसाला साधारण २४ किलो हिरवी पाने खुडण्याचा नेम असतो, उत्तर बंगालमध्ये त्याला 'ठीका' म्हणतात. सव्वाचार ते साडेचार किलो पानांचा एक किलो चहा होतो. म्हणजे एका बाईच्या दिवसभराच्या पानांतून पाच-साडेपाच किलो चहा, २०० च्या भावाने हजारभर रुपये. तिला २०२४ मध्ये रोख २५०. उरलेले सगळे नफा नव्हे, हे मला मान्य आहे. कारखाना आहे, कोळसा-गॅस आहे, खत, छाटणी, रेशन, घरे आहेत. पण मजुरी २५० ची ३५१ केली तर खुडणीचा खर्च किलोमागे १९ रुपयांनी वाढतो. एका किलोत चारशे कप होतात. कपामागे पाच पैसेही नाहीत. बाकीच्या कामांची मजुरी धरून दुप्पट करा, दहा पैसे. पुण्यात अमृततुल्यच्या कटिंगला दोन-दोन रुपये वाढतात तेव्हा आपण विचारतो का, हे कुणाला गेले?

आणि लिलावाचा भाव तरी आभाळातून पडतो का? दलाल चहाची चव घेऊन अंदाजी किंमत छापतो, खरेदीदार बोली लावतात, आणि मोठे खरेदीदार मोजकेच आहेत. हिंदुस्थान युनिलिव्हर आणि टाटा हे त्यांतले सगळ्यात मोठे. शिवाय देशातला मोठा हिस्सा लिलावात येतच नाही, थेट विकला जातो. म्हणून तर सरकारला २०२४ मध्ये उत्तरेतली सगळी भुकटी लिलावातूनच विका असा आदेश काढावा लागला. ज्या बाजारात विकणारा आणि घेणारा दोघे मिळून अर्धा माल पडद्याआड फिरवतात, त्याच्या सरासरीवर एका बाईच्या घरातली चूल ठरवायची?

कायद्याने तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. १९६१ मध्ये उनिचोयी विरुद्ध केरळ सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते. किमान वेतनही परवडत नसेल तर तो धंदा चालवण्याचा हक्कच उरत नाही. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्याच्या परिशिष्टात चहाचे मळे पहिल्यापासून होते. तरी पश्चिम बंगालने २०१५ मध्ये सल्लागार समिती नेमली आणि वर्षानुवर्षे मजुरी 'अंतरिम' म्हणूनच जाहीर होत राहिली. अंतरिम या शब्दात एक पिढी म्हातारी झाली.

आसामच्या २५ मळ्यांनी तर ठरलेलीही मजुरी दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. अभय मनोहर सप्रे समितीने ही थकबाकी मोजली: कामगारांचे ४१४ कोटी आणि भविष्य निर्वाह निधीचे २३० कोटी. त्यांतले १५ मळे सरकारी महामंडळाचे. इथे कुठला भाव आडवा आला?

अभ्यासवर्गात एका कार्यकर्त्याने मला विचारले, आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का की आसामचे ओझे घ्यायचे? त्याचा राग मी समजू शकते. पण हे ओझे बाबासाहेबांनी आपल्याआधी घेतले होते. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना १९४४ मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली गेली. चहा-कॉफी-रबराच्या मळ्यांवरचा रेगेंचा वेगळा अहवाल १९४६ चा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९३८ च्या मनमाड परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या कामगारांच्या दोन शत्रूंची नावे घेतली होती. आपण पहिल्या शत्रूवर रोज लिहितो. दुसऱ्याचे नाव आले की 'ते डाव्यांचे काम' म्हणून पुढे जातो. आणि डावे मुन्नारच्या बायांनी का हाकलले, हे विचारत नाहीत.

हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीसाठी आपल्या आजोबांनी मार खाल्ला. कप एक झाला, निदान शहरात. त्या कपात ओतले जाते ते आपल्यासारखीच बाई खुडते, आणि तिच्या मजुरीवर आपल्या एकाही मोठ्या संघटनेचा ठराव माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्या महिन्याच्या अभ्यासवर्गात दोन तास चहामळ्यांसाठी ठेवले आहेत. टी बोर्डाचे लिलावाचे आकडे आणि गेल्या दहा वर्षांतली आसाम, बंगाल, केरळची मजुरी एकाच तक्त्यावर मांडणार आहोत. त्यानंतर चर्चेला तीन मागण्या: किमान वेतन लिलावाच्या भावापासून पूर्णपणे तोडावे, सप्रे समितीने मोजलेली थकबाकी व्याजासह द्यावी, आणि आसामातल्या चहामळ्यांतल्या आदिवासींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा. तिसऱ्या मागणीवर आपल्यातच मतभेद आहेत हे मला माहीत आहे. ते घरी ठेवून येऊ नका, वर्गात बोला.

जय भीम.