औंढ्याच्या लायगोत पॅच कोण लावणार?

मी वसमतचा, पुण्यात एका संस्थेचं संगणकांचं क्लस्टर सांभाळतो. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्रानं एप्रिल 2023मध्ये 2,600 कोटी मंजूर केले. तेव्हापासून गावी गप्पा निघतात त्या जमिनीच्या भावाच्या आणि नोकऱ्यांच्या. सर्व्हरच्या कुलपांचं कुणी नाव काढत नाही.

लायगोचा डेटा शेकडो संगणक मिळून चाळतात. अशी कामं वाटून देणारी एचटीकॉन्डोर, स्लर्म ही सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत. स्लर्ममध्ये मे 2022मध्ये अशा त्रुटी उघड झाल्या की साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सगळ्या यंत्रणेवरचे, अधिकार मिळवता यावेत. वापरकर्त्याची ओळख तपासायला स्लर्म ज्या मंज या सॉफ्टवेअरवर विसंबतं, त्याची किल्ली म्हणजे एक छोटी फाइल. क्लस्टरमधल्या प्रत्येक संगणकावर तीच. ती फुटली की कुणाच्याही नावानं जॉब टाकता येतो.

‘फुकटचं म्हणून कच्चं’ हे मला मान्य नाही. कोड उघडा असल्यानं चूक दिसते, दुरुस्तीही लवकर येते. रखडतो तो पॅच, म्हणजे ती दुरुस्ती बसवणं! क्लस्टर बंद करायचं म्हटलं की प्राध्यापक म्हणतात, ‘माझा जॉब संपू द्या, मग बघू.’ पण घुसखोरी झाली की बंद करावंच लागतं: मे 2020मध्ये युरोपातले कितीतरी महासंगणक घुसखोरीमुळे बंद ठेवावे लागले. तिथे आत शिरायला चोरलेले लॉगिन पुरले होते.

औंढ्यात यंत्रं येण्याआधी सिस्टिम अ‍ॅडमिनची कायम पदं भरा, कंत्राटी नकोत. आणि पॅचसाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवा, प्राध्यापकांना न विचारता.