शून्य रेखा कोणाची?

समुद्रावरील जहाजाचे स्थान अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांनी सांगितले जाते. यांतील अक्षांशाचे शून्य निसर्गानेच ठरवून दिले आहे. पृथ्वीच्या परिवलनातून विषुववृत्त आपोआप सिद्ध होते. रेखांशाचे तसे नाही. त्याचे शून्य कोठे मानावयाचे, हे माणसेच ठरवितात.

भारतीय ज्योतिषाने ही मध्यरेखा उज्जयिनीवरून नेली. लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांना स्पर्श करणाऱ्या या रेखेचा उल्लेख भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तही आहे. या रेखेच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावासाठी गणितात जो संस्कार करावा लागे, त्याचे नाव ‘देशांतर’.

मग शून्य ग्रीनिचला कसे गेले? १८८४ साली वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांची परिषद भरली आणि त्यांतील बावीस राष्ट्रांनी ग्रीनिचच्या बाजूने मत दिले. पारतंत्र्यातील भारताला तेथे आसन नव्हते. परंतु हा केवळ साम्राज्यसत्तेचा विजय होता असे म्हणून भागणार नाही. १७६७ पासून ग्रीनिचवर आधारलेले नाविक पंचांग दरवर्षी निघत होते. परिषदेच्या वेळी जगातील सुमारे ७२ टक्के जहाजवाहतूक ग्रीनिचप्रमाणे आखलेल्या नकाशांवर चालत होती. शतकभराच्या अखंड परिश्रमावर परिषदेने केवळ शिक्कामोर्तब केले. पॅरिसचा अभिमान बाळगून फ्रान्स तटस्थ राहिला आणि १९११ साली अखेर त्यालाही ग्रीनिचची वेळ स्वीकारावी लागली.

आज जगाचा व्यवहार ‘डब्ल्यूजीएस-८४’ या अमेरिकी संदर्भप्रणालीवर चालतो. तिची शून्य रेखा ग्रीनिचच्या जुन्या खुणेपासून सुमारे १०२ मीटर पूर्वेस आहे! भारतातील जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या मापांवर बेतलेले आहेत. त्यामुळे तेच आकडे दोन्ही प्रणालींत एकाच जागी पडत नाहीत आणि खडकाळ किनाऱ्याजवळ एवढा फरकही नौकेला घातक ठरू शकतो. सर्वांचे माप एक असणे हिताचे, ते यासाठीच. भारताची ‘नाविक’ प्रणालीही डब्ल्यूजीएस-८४ चेच आकडे देते आणि त्यात कमीपणा काही नाही.

खरा प्रश्न मापन कोणाच्या हाती आहे, हा आहे. मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएसचा नागरी संकेत हेतुपुरस्सर सदोष ठेवीत असे. ‘नाविक’ची आवश्यकता त्यातूनच स्पष्ट होते. तिचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला. पुढे काही उपग्रहांतील आयात केलेली आण्विक घड्याळे बंद पडली. स्वदेशी घड्याळ घेऊन २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ अवकाशात गेला. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

स्थाननिश्चितीसाठी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. कोकणातून खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमाराला शून्य रेखा उज्जयिनीची की ग्रीनिचची, याने फरक पडत नाही. ऐन वादळात संकेत मिळतो की नाही, याने पडतो. उज्जयिनीचा वारसा सांगणाऱ्यांनी आग्रह धरावयाचा तो उपग्रह वेळेवर आणि निर्दोष जावेत याचा.