युरोप स्वस्त, पण कुणासाठी?

पाठीवर बॅग टाका, हॉस्टेलच्या सामाईक खोलीत झोपा, रात्रीच्या बसनं शहर बदला, युरोप स्वस्तात होतो! असे व्हिडिओ वरवट बकालच्या पोरांच्या मोबाईलवरही येतात. हिशेब खोटा नाही, पण तो विमानातून उतरल्यावर सुरू होतो. त्याआधीचं काय? शेंगेन व्हिसाची फी 90 युरो. व्हिसा नाकारला तरी ती परत नाही. वर बँकेचं स्टेटमेंट, उत्पन्नाचा पुरावा, माघारी येण्याची खात्री. संग्रामपूर तालुक्यातल्या शेतमजुराच्या घरात हे कागद कुठून येणार? पिढ्यान्‌पिढ्या जमीन आणि पगार ज्यांच्याकडे राहिला, त्यांनाच ही भटकंती स्वस्त पडते.

म्हणून युरोप आपला नाही, असं मात्र नाही. बाबासाहेब 1920 साली पुन्हा लंडनला गेले, अर्धपोटी राहून शिकले. 1922 मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठापर्यंत पोहोचले. त्यांचा रस्ता शिक्षणाचा होता. आपलाही तोच.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये शिकणाऱ्याला तिथल्या निवास परवान्यावर इतर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. लंडनसाठी तेवढा वेगळा व्हिसा लागतो.

पण अख्ख्या राज्याला जागा 75! तेव्हा मित्रांनो, पासपोर्ट काढा, अर्ज भरा आणि जागा वाढवण्यासाठी संघटित होऊन भांडा. जग पाहणं ही चैन नाही, तो आपला हक्क आहे.

जय भीम!