घर भाड्याने देणे आहे – पण कोणाला?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळावयाचे, अशी आपल्या कोकणात चाल आहे. दिवाळी अंकाच्या वाचकांनीही चकली-अनारशांच्या आधी हा एक कडू घोट घ्यावा, अशी माझी विनंती आहे. विषय घराचा आहे, आणि ज्यांच्या दारात आज पणत्या लागल्या आहेत त्यांच्याशीच मला भांडावयाचे आहे.

मी गणिताची शिक्षिका. माझे गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी उरणास आणि बिऱ्हाड द्रोणागिरीत. मध्यंतरी दोन वर्षे इंग्लंडात शिकवून आले. तिकडे गणित-विज्ञान शिकवावयास माणसे पुरेनाशी झाली, म्हणून १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना तेथील शिक्षकाच्या दर्जासाठी थेट अर्ज करण्याची वाट सरकारने मोकळी केली. त्याच वर्षी मी गेले. परत आल्यापासून जो तो मला एकच प्रश्न विचारतो : "तिकडे आपल्या माणसांना घरे देत नाहीत म्हणे?" प्रश्नात सहानुभूती असते, आणि थोडा आनंदही असतो. साहेबाची खोड निघाली की आपल्याला बरे वाटते. तेव्हा आधी साहेबाचाच हिशेब मांडते.

शाळेने नेमणूकपत्र दिले, व्हिसाचे कागद दिले; राहावयाचे कोठे, हे मात्र माझे मी पाहावयाचे होते. घरांच्या दलालाने माझ्या त्या देशातील देण्याघेण्याचा इतिहास मागितला. कालपरवा विमानातून उतरलेल्या बाईजवळ तो असणार कोठून? मग हमीदार मागितला, तोही तिकडेच राहणारा आणि कमावता. हमीदार नसेल तर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ! घराचा पत्ता नाही म्हणून बँक खाते उघडीना, आणि खाते नाही म्हणून दलाल घर देईना. पहिले सहा आठवडे मी एका वृद्ध बाईंच्या मागच्या खोलीत काढले.

सरकारही काही निर्दोष नाही. २०१४ च्या कायद्याने भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे की नाही हे तपासण्याचे लोढणे त्याने घरमालकाच्या गळ्यात बांधले, आणि २०१६ पासून साऱ्या इंग्लंडात ते लागू केले. साहजिकच परक्या नावाचा माणूस टाळणे घरमालकाला सोयीचे वाटू लागले. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने यावर ताशेरे ओढले; २०२० साली वरच्या न्यायालयाने भेद होतो हे मान्य करूनही कायदा उचलून धरला. याला मी न्याय म्हणत नाही.

परंतु मला विचारलेले सारे प्रश्न पैशाचे आणि कागदाचे होते. माझी जात, माझे ताट आणि माझे लग्न यांची चौकशी कोणी केली नाही. आणि जो पैसा मागितला जातो त्यालाही कायद्याची वेसण आहे. २०१९ पासून अनामत रक्कम सर्वसाधारण घरासाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखाली ठेवावी लागते. सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्याची जी वेठ मला पडली, तीही २०२५ च्या नव्या कायद्याने एका महिन्यावर आणली आहे.

हे साहेबाच्या अंगच्या सज्जनपणाने घडले असे कोणी समजू नये. १९५०-६० च्या काळात तिकडच्या खिडक्यांतून 'काळ्यांना जागा नाही' अशा पाट्या राजरोस लटकत असत. वंशभेदाविरुद्धचा १९६५ चा पहिला कायदा घराच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही. तो पोहोचला १९६८ साली, आणि मग पाट्या उतरल्या. मने किती बदलली ते मला ठाऊक नाही. हात मात्र बांधले गेले.

आता इकडे या. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली, द्रोणागिरीला स्थानक झाले, आणि इमारतींच्या फाटकांवर 'भाड्याने देणे आहे' असे फलक झळकू लागले. मी नऊ जागा पाहिल्या. भाडे कसे देणार, हा प्रश्न नवांपैकी एकानेही आधी विचारला नाही. "आडनाव काय?" हा पहिला. "मिस्टर काय करतात?" हा दुसरा. लग्न केलेले नाही म्हणताच, "एकट्या बाईला आमच्या सोसायटीत देत नाहीत हो," असे मोठ्या मायेने सांगण्यात आले. एका सद्गृहस्थांनी मासळी खाता का, असे विचारले. करंजाच्या बंदरावर वाळणाऱ्या बोंबलांचा वारा ज्यांच्या दिवाणखान्यात दिवसभर खेळतो, त्यांनी! माझ्याबरोबर विज्ञान शिकविणाऱ्या एका मुसलमान गुरुजींना तर आडनावापर्यंतही जावे लागले नाही. नाव ऐकताच, "जागा कालच गेली," असे उत्तर आले. फलक पुढे महिनाभर तेथेच होता. आपल्या मुलांना त्रिकोणमिती शिकवावयास हे लोक चालतात. जिन्यात भेटलेले चालत नाहीत.

येथे आपल्या कायद्याचा एक चमत्कार पाहा. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही दुकानात, उपाहारगृहात वा हॉटेलात मज्जाव करता येत नाही. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५ चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु खाजगी घर भाड्याने देताना धर्म, भाषा, आहार वा एकटेपणा यांवरून दार लावणाऱ्याला अडवील, असा इंग्लंडसारखा सर्वसाधारण कायदा आपण केलेला नाही. म्हणजे एका रात्रीसाठी हॉटेलवाला त्या गुरुजींना त्यांच्या धर्मावरून घालवू शकत नाही. अकरा महिन्यांसाठी घरमालक खुशाल घालवितो. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एकाच समाजापुरते राखता येईल, असा निर्वाळा दिला.

हा भेद आपल्याला बोचत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी स्त्रीला, महाराष्ट्रीयांना जागा देत नाही, असे सांगून कार्यालयासाठी जागा नाकारली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे पित्त खवळले. ते खवळणे रास्तच होते. परंतु आपल्याला नाकारले की अपमान, आणि आपण नाकारले की 'सोसायटीचा नियम', हा कोठला न्याय?

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आठवा. अमेरिकेत आणि लंडनात शिकून १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला, आणि त्या विद्वानाला बाहेर पडून एका बागेत बसावे लागले. पुढल्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२१-२२ साली लंडनच्या ज्या घरात ते राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. फार उत्तम झाले. परंतु लंडनातले भाड्याचे घर विकत घेऊन बडोद्यातले बंद दार विसरावयाचे, ही कसली आदरांजली?

"घर आमचे, कोणाला द्यावयाचे ते आम्ही ठरवू," असे कोणी म्हणेल. द्रोणागिरीत तरी हे बोलणे शोभत नाही. ही जमीन पंचाण्णव गावांच्या शेतीतून आणि मिठागरांतून सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतली गेली. तिच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जासई-नवघरला पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. त्या भूखंडांवर आपले मजले उभे आहेत. शिवाय सिडकोने जमीन दिली ती मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. मालकी मिरविणारे आपण सारे मुळात भाडेकरूच आहोत!

राहिली भाडेकरू घर बळकावील ही भीती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीकृत करार केला असेल, तर मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल करता येते, आणि त्याला बाहेर काढण्याची स्वतंत्र, जलद वाट आहे. मालकाला एवढे संरक्षण दिले. आता भाडेकरूच्या माणूसपणालाही द्या. हॉटेलाला लावलेले घटनेचे तत्त्व भाड्याच्या घराला लावणारा कायदा विधिमंडळाने करावा, ही माझी मागणी आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. वाचकहो, तुमच्यापैकी कोणाची एखादी खोली रिकामी असेल, आणि दिवाळीनंतर कोणी गुरुजी वा बाई तिची चौकशी करीत आल्या, तर दोनच प्रश्न विचारा : भाडे वेळेवर द्याल ना? घर नीट ठेवाल ना? होय असे उत्तर आले आणि कागद नीट असले, तर किल्ली द्या. आडनाव करारात लिहावेच लागते. ते तेव्हा विचारले तरी चालेल.