पन्नास टक्के ठरले, पण वर्षांचे काय?

जुन्या पेन्शनच्या वादात सरकार आणि कर्मचारी दोघेही एक-एक पाऊल मागे आले. तडजोड झाली. पण उशिरा नोकरी लागलेल्यांना तिचा पूर्ण लाभ मिळतो का? हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून हा प्रश्न वेगळाच दिसतो.

सेनगाव तालुक्यातले एक घर डोळ्यांसमोर आणा. घर कल्पनेतले आहे, पण हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत अशी घरे सापडतील. वडील हळद आणि सोयाबीन पिकवतात. थोरला मुलगा २००४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला, त्याला जुनी पेन्शन. मधला २००७ मध्ये लागला. काम तेच, फळा तोच, पण त्याची पेन्शन बाजाराच्या भरवशावर. धाकट्याची ऐन उमेदीची वर्षे अभ्यासिकेत गेली. भरती निघेना, निघाली तर लांबेना, असे करता करता तो २०२४ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी शिक्षक झाला. शेजारी एक भूमिहीन आजोबा राहतात, त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात.

एकाच गल्लीत म्हातारपणाचे चार वेगळे हिशेब. पेन्शनचा वाद समजून घ्यायचा तर मुंबईच्या आकडेवारीआधी ही गल्ली पाहावी.

वाद सुरू कुठून झाला?

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या कर्मचाऱ्यांना (सैन्यदले वगळून) नवी पेन्शन योजना लागू केली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ ही रेघ आखली. त्या दिवशी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही.

जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, आणि कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी कपात शून्य. नव्या योजनेत पगार व महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे आणि सरकारचा वाटा आधी १०, पुढे १४ टक्के. ही रक्कम बाजारात गुंतवली जाते. निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ६० टक्के रक्कम हातात येते, उरलेल्या रकमेतून विमा कंपनीकडून मासिक पेन्शन विकत घ्यायची. ती किती बसेल, हे आधी कोणी सांगू शकत नाही.

इथे एक गोष्ट विसरू नये. २००५ चा निर्णय झाला तेव्हा राज्यात विलासराव देशमुखांचे काँग्रेस-राष्ट्रवादी सरकार होते. केंद्राची योजना वाजपेयी सरकारच्या काळातली. २०१९ ते २०२२ या काळात महाविकास आघाडी सत्तेत होती, तिनेही जुनी पेन्शन परत आणली नाही. आज एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्यांचेच हात या शाईने रंगलेले आहेत.

मग सरकार मवाळ का झाले?

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच महिन्यात हिमाचल प्रदेशात जुन्या पेन्शनचे आश्वासन देणारी काँग्रेस निवडून आली. पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रात शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका झाल्या आणि पेन्शन हाच प्रचाराचा मुद्दा झाला. हिंगोली ज्या मराठवाडा शिक्षक मतदारसंघात येते, तिथे राष्ट्रवादीचे विक्रम काळे पुन्हा निवडून आले. नागपुरात महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावर सुधाकर अडबाले जिंकले.

१४ मार्च २०२३ पासून 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर लाखो कर्मचारी संपावर गेले. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. हळद शिजवून वाळत घालायचे दिवस, रब्बीची काढणी आलेली, आणि पंचनामे करणारे संपावर. अनेक शेतकऱ्यांच्या मनात तेव्हा बसलेली अढी अजून गेलेली नाही. २० मार्चला संप मागे घेतला गेला आणि सुबोधकुमार, के. पी. बक्षी व सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीकडे विषय सोपवला गेला.

तडजोड नेमकी काय आहे?

ती टप्प्याटप्प्याने झाली. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले, की ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय द्यायचा. सुमारे २६ हजार जणांचा प्रश्न त्यातून सुटला.

१ मार्च २०२४ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सुधारित पेन्शन योजना जाहीर केली. शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाईवाढ आणि पेन्शनच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन, असे तिचे सूत्र. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. असे करणारे हे पहिले राज्य.

थोडक्यात, सरकारने खात्री दिली, कर्मचाऱ्यांनी कपात मान्य करावी. दिशा म्हणून ही तडजोड मला योग्य वाटते. म्हातारपण शेअर बाजाराच्या चढउतारावर सोडायचे नाही आणि सगळा भार पुढच्या पिढीच्या करांवरही टाकायचा नाही, असा हा मधला रस्ता आहे.

मग अडते कुठे?

अडते ते वर्षांवर. केंद्राच्या एकीकृत योजनेत निम्मी पेन्शन मिळते ती २५ वर्षे सेवा झालेल्यांना. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात पेन्शनही कमी. दहा वर्षे पूर्ण झाली असतील तर किमान १०,००० रुपये.

आता आपल्या राज्याचे नियम शेजारी ठेवा. सरकारी भरतीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे. निवृत्तीचे वय, 'ड' वर्ग सोडला तर, ५८. म्हणजे ३८व्या वर्षी लागलेल्याला जास्तीत जास्त २० वर्षे सेवा मिळते, ४३व्या वर्षी लागलेल्याला १५. या माणसाने कितीही इमानेइतबारे काम केले तरी त्याची २५ वर्षे भरणारच नाहीत. केंद्राचा कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतो, त्याला दोन वर्षे जास्त मिळतात. केंद्राच्या मापाचा सदरा आपण राज्याच्या अंगाला चढवला आहे.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी मूळ पगार ६०,००० रुपये धरा. २५ वर्षे सेवा असेल तर पेन्शन ३०,००० रुपये. २० वर्षे असेल तर २४,०००. १५ वर्षे असेल तर १८,०००. महागाईवाढ त्यावर वेगळी. आपल्या गल्लीतल्या धाकट्या गुरुजींना 'पन्नास टक्के' म्हणून जे सांगितले जाते ते प्रत्यक्षात चाळीस टक्के आहे. वयाची सवलत घेऊन ४३व्या वर्षी लागलेल्या मागासवर्गीय उमेदवाराच्या वाट्याला तीस टक्के येतात. सामाजिक न्याय म्हणून दिलेली सवलत निवृत्तीच्या दिवशी अशी परत घेतली जाते.

उशीर त्यांच्यामुळे झाला का? महाराष्ट्रात २०१२ पासून शिक्षक भरतीवर बंदी होती. त्यानंतरची 'पवित्र' पोर्टलवरची पहिली मोठी भरती २०१९ पर्यंत रेंगाळली, पुढची २०२४ मध्ये झाली. दार सरकारने बंद ठेवले आणि उशिरा आलात म्हणून पेन्शन मात्र उमेदवाराची कापली जाते.

सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने जुन्या योजनेतली पूर्ण पेन्शनसाठी ३३ वर्षे सेवेची अट काढून टाकली होती, हेही लक्षात घ्यावे. एकीकृत योजनेत वर्षांची अट २५ च्या रूपाने परत आली. कर्मचाऱ्यांना ही योजना पटली का, याचे उत्तर केंद्राच्याच अनुभवात आहे. पर्याय निवडण्याची मुदत ३० जून २०२५ होती. ती आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवावी लागली, तरी बहुसंख्य कर्मचारी तिकडे वळले नाहीत.

सरकारचे म्हणणे चूक आहे का?

नाही, आणि हे संघटनांनीही मान्य करायला हवे. सगळ्या राज्यांनी जुनी पेन्शन परत आणली तर खर्चाचा भार नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो, असे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या पत्रिकेतील अभ्यासात म्हटले आहे. राजस्थान, हिमाचल यांसारख्या राज्यांनी जुन्या योजनेकडे परतायचे ठरवले, तेव्हा नव्या योजनेत जमा झालेले पैसे परत द्यायला केंद्राने नकार दिला. कायद्यात तशी तरतूदच नाही. म्हणजे मागे फिरायचा रस्ताही फुकटचा नाही.

जुनी पेन्शन जशीच्या तशी हवी, ही मागणी न्याय्य वाटली तरी तिचे बिल भरणारा कोण, हे सांगावे लागते. आजचे बिल आज भरावे लागत नाही, म्हणून ती देऊ करणाऱ्या पक्षाला टाळ्या मिळतात. खरे ओझे पंचवीस-तीस वर्षांनी पडते, तेव्हा टाळ्या घेणारे सत्तेत नसतात.

शेतकऱ्याने यात का पडावे?

हिंगोलीत पेन्शनचा विषय निघाला की मोंढ्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते, 'आम्हाला कोण देतंय पेन्शन?' प्रश्न रास्त आहे. निम्म्या पगाराची पेन्शन महागाईप्रमाणे वाढते, पण श्रावणबाळचे १,५०० रुपये वाढायला निवडणूक किंवा आंदोलन लागते. साखर कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगाराची भविष्य निर्वाह निधीची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये झाली, तो आकडा पुढे दहा वर्षे तसाच राहिला.

पण उत्तर 'त्यांचेही काढून घ्या' हे नाही. एक तर त्याने आपल्या १,५०० चे १,६०० होत नाहीत. दुसरे म्हणजे ३८व्या वर्षी नोकरी लागणारा हा पोरगा कोणाचा आहे? मोठ्या शहरात पंचविशीत नोकरीला लागलेल्याची २५ वर्षे सहज भरतात. अभ्यासिकेत वय घालवणारा शेतकऱ्याच्या नाहीतर शेतमजुराच्या घरातला असतो. त्याच्या शिक्षणासाठी हळदीची पट्टी मोडली गेलेली असते. वर्षांच्या अटीत कापले जाणारे पैसे या घरांतले आहेत. कर्मचारी विरुद्ध शेतकरी अशी कुस्ती लावून देणे राजकारणाला सोयीचे असते. आखाड्यात मात्र एकाच घरातली माणसे उतरतात.

मग करायचे काय?

मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, सेवेची अट भरतीच्या वयाशी जोडा. सरकार ज्या वयापर्यंत माणूस घेते, त्या वयात आलेल्याला निवृत्तीपर्यंत मिळणारी वर्षे पूर्ण पेन्शनला पुरली पाहिजेत. सगळा भार तिजोरीला झेपणारा नसेल, तर कमी पडणाऱ्या वर्षांसाठी कर्मचाऱ्याने थोडी जादा वर्गणी भरावी आणि तेवढीच सरकारने घालावी. तडजोड म्हणतात ती हीच.

दुसरी, हिशेब उघडा ठेवा. २००५ नंतरच्या कपातीच्या पावत्या वेळेवर मिळत नाहीत, रकमांचा मेळ बसत नाही, अशी तक्रार शिक्षक संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. सरकारचा वाटा त्या-त्या महिन्यात जमा झाला की नाही, हे प्रत्येकाला मोबाइलवर दिसले पाहिजे. कपातीवर विश्वास नसेल तर खात्रीवर कसा बसणार?

तिसरी, जो महागाईचा नियम पेन्शनला लावला तोच श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेला लावा. रक्कम लहान असेल, पण ती दरवर्षी आपोआप वाढू द्या. असे झाले तर मोंढ्यावरच्या त्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर मिळेल, आणि कर्मचाऱ्यांच्या मागणीकडे गाव वैरभावाने पाहणार नाही.

तोवर, २००५ नंतर नोकरीला लागलेल्या वाचकांनी एक काम करावे. कागद घ्या. जन्मतारखेवरून निवृत्तीचे वर्ष काढा, त्यातून रुजू झाल्याचे वर्ष वजा करा. उत्तर २५ पेक्षा कमी आले तर 'पन्नास टक्के' हा शब्द तुमच्यासाठी नाही, असे समजून चाला. राज्याची सुधारित योजना आणि केंद्राची एकीकृत योजना, दोन्हींत आपल्याला नेमके किती मिळतील, हे आस्थापना विभागाकडे लेखी मागा आणि मगच पर्यायावर सही करा. पुढच्या निवडणुकीत कोणी पेन्शनचे आश्वासन घेऊन दारात आले, तर त्यालाही तोच कागद दाखवा आणि विचारा, 'टक्के कळले साहेब, वर्षांचे काय?'