चाक्या म्हसोबा आणि लॉर्डसाहेबांचे सुळे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी पुस्तकाबद्दल लिहितेय. पुस्तक आहे गेल कॅरिजर या अमेरिकन लेखिकेचं 'सोललेस', २००९ सालचं. या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. व्हिक्टोरिया राणीचा काळ, वाफेची अचाट यंत्रं, आकाशात तरंगणारी जहाजं. वर इथे लंडनच्या उमरावांत रक्त पिणारे व्हँपायर आणि माणसाचे लांडगे होणारे वेअरवुल्फ राजरोस वावरतात.

नायिका अलेक्सिया हिला आत्माच नाही. तिचा हात लागला की व्हँपायरचे सुळे गायब आणि लांडग्याचा पुन्हा माणूस! सुरुवातीलाच एक व्हँपायर ओळखदेख नसताना तिच्यावर झडप घालतो, आणि बाईंना राग येतो तो त्याच्या असभ्यपणाचा :-) पुस्तक खुसखुशीत आहे, मी हसत हसत संपवलं.

पण एका गोष्टीपाशी अडले. कादंबरीत ब्रिटिश साम्राज्य फोफावतं ते या मंडळींना सामावून घेतल्यामुळे. लांडगे पलटणीत लढतात, व्हँपायर मसलती देतात. राणीच्या सल्लागारांत वेअरवुल्फच्या पदाचं नाव काय, तर 'दिवाण'! शब्द आपल्या दरबारांतला. रक्त पिणारा लॉर्ड गमतीदार वाटतो, कारण आपण त्याच्याबरोबर लंडनमध्ये चहा पीत बसलेलो असतो. रुळांच्या दुसऱ्या टोकाला बसून तो तसाच वाटेल का?

ते दुसरं टोक म्हणजे आमचं ठाणं. मी राहते कोपरीत, स्टेशनच्या पूर्वेला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून २१ तोफांची सलामी घेऊन तीन इंजिनं, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे इथे आले. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. या गाडीला आपले लोक 'चाक्या म्हसोबा' म्हणत, असं जुन्या आठवणींत सापडतं. वाफेचं यंत्र आणि शेंदूर फासलेला देव, दोन शब्दांत! आणखी कसलं स्टीमपंक हवंय?

म्हसोबा म्हटला की बळी आलाच. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडताना रोगराईनं आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका हातात ठेवून इंजिनिअरांकडून काम पुरं करून घेतलं. घ्या, नायिकासुद्धा तयार आहे. मजुरांची नावं मात्र कुठे ऐकलीत? आपल्या कादंबरीतली भुतं तीच असायला हवीत.

शिवाय उमरावांसाठी आपल्याला लंडनला जायला नको. आपल्या भुतांतही मानपान आहेच. वेताळ भुतांचा राजा, त्याची पालखी निघते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ब्राह्मणाचा होतो तो ब्रह्मसमंध. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या वाट्याला हडळ होणं. मेल्यावरही जात आणि बाईपण सुटत नाही! कॅरिजरबाईंनी वर्गभेदाची थट्टा केली, पण इतकं जळजळीत सामान त्यांच्याकडेही नाही.

मराठीत व्हँपायर आले नाहीत असं नाही. नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. ती वाचून रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटायची. पण तिथला व्हँपायर बाहेरून येतो आणि त्याला संपवायचं असतं. समाजाने मानाचं पान देऊन घरात बसवलेला रक्तपिपासू ही कल्पना वेगळी. मला ती जास्त भीतिदायक वाटते, कारण ती जास्त खरी आहे.

म्हणून माझं मत असं, की 'सोललेस'चा नुसता अनुवाद पुरणार नाही. ती गोष्ट ठाण्याच्या फलाटावरून पुन्हा लिहायला हवी. हसवणारी चालेल, हसवणारीच हवी, फक्त हसताना घाटातले मजूर विसरायचे नाहीत.

असो. लिहित्या मंडळींनो, कुणी घेतंय का मनावर? आणि मावशी, तुझ्या माळ्यावरचे धारप रद्दीत घालू नकोस, मी येतेय न्यायला.